शंभरांतील ब्याऐंशी : शिक्षणाचे आकडे वाचणारे बाबासाहेब

साताऱ्याच्या राजवाड्यात भरणाऱ्या सरकारी हायस्कुलाच्या नोंदवहीत ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी एका मुलाचे नाव चढले. नाव भिवा रामजी आंबेडकर, इयत्ता इंग्रजी पहिली, नोंदीचा क्रमांक १९१४. त्या शाळेने, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलाने, ती वही जपून ठेवली आहे. आणि २०१७ पासून महाराष्ट्र शासन तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते.

वसतिशाळेच्या स्मरणिकेत बाबासाहेबांचे चरित्र छापले जाणे यात नवल नाही. चवदार तळे, काळाराम मंदिर, पुणे करार, संविधान आणि नागपूरची दीक्षा हे टप्पे आमच्या माजी विद्यार्थ्यांना प्रार्थनेइतके पाठ आहेत. म्हणून या वेळी त्या विशाल आयुष्यातील एकच धागा आम्ही हाती घेतला आहे. शाळांच्या अहवालांतले आकडे बाबासाहेब कसे वाचत आणि त्या वाचनातून पुढे काय उभे राहिले, एवढाच तो धागा. तो ठाण्यापर्यंत येतो, हे अनेकांना ठाऊक नसते.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथील लष्करी छावणीत झाला. वडील सुभेदार रामजी हे लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते. पलटणीतील शिपायांच्या मुलांना शिक्षण सक्तीचे असे, म्हणून त्या घरात लिहिणे-वाचणे आले होते. गावकुसाबाहेरच्या वस्तीत त्या काळी हे भाग्य क्वचितच कुणाच्या वाट्याला येई. एका नियमाने एका घराचे नशीब पालटू शकते, हे बाबासाहेबांना ग्रंथ वाचून कळण्याआधी आपल्याच घरात दिसले होते. पुढे मात्र लष्करभरतीची दारे बंद झाली आणि तो मार्गही बुजला. साताऱ्याच्या शाळेत घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसणे, तहान लागली तर शिपायाने वरून पाणी ओतण्याची वाट पाहणे, हा भाग सर्वांना माहीत आहे. त्यावर आम्ही अधिक लिहीत नाही.

मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलातून ते १९०७ साली मॅट्रिक झाले. साडेसातशेपैकी २८२ गुण मिळाले होते. आजच्या गुणवत्ता याद्यांच्या हिशेबाने ही रक्कम किरकोळ वाटेल; पण त्या यशासाठी वस्तीने सभा भरवली आणि कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. त्याच केळुसकरांच्या शब्दावर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि कॉलेजचे शिक्षण पार पडले. सयाजीरावांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले होते. १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सर्व संस्थानात. एका राजाला जे जमले ते मुंबई सरकारला का जमू नये, हा प्रश्न त्या पिढीतील प्रत्येक विचारी माणसाच्या मनात असणार.

१९१३ साली बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे अर्थशास्त्रज्ञ सेलिग्मन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या वाढीवर प्रबंध लिहिला. तो १९२५ साली पुस्तकरूपाने निघाला. सरकारी तिजोरीत पैसा कोठून येतो, मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यात तो कसा वाटला जातो, अंदाजपत्रकाच्या कोणत्या सदरात काय दडते, हा त्या ग्रंथाचा विषय. लंडनला रुपयाच्या प्रश्नावर दुसरा मोठा प्रबंध झाला. आमच्या सभांतून बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी नेहमी वाचली जाते. त्या पदव्यांचा विषय काय होता, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. ते सांगणे अगत्याचे आहे. दलितांच्या शिक्षणाची बाजू मांडावयास जो माणूस पुढे कायदेमंडळात उभा राहिला, तो अंदाजपत्रक वाचण्यात त्या सभागृहातील बहुतेकांपेक्षा तरबेज होता.

फेब्रुवारी १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळाचे सरकारनियुक्त सभासद म्हणून त्यांनी शपथ घेतली. शिक्षणाच्या अनुदानावरील चर्चेत ते १२ मार्च रोजी बोलले. त्यानंतर आठच दिवसांनी, २० मार्चला, महाडच्या चवदार तळ्याचे पाणी त्यांच्या ओंजळीत होते. चरित्रकार या दोन तारखा सहसा वेगवेगळ्या प्रकरणांत ठेवतात. आम्हांला त्या शेजारी-शेजारी ठेवाव्याशा वाटतात. पाणवठा आणि शाळा ही दोन्ही सार्वजनिक पैशातून चालणारी ठिकाणे. १९२३ साली रावबहादूर सी. के. बोले यांच्या ठरावाने दोन्ही ठिकाणे अस्पृश्यांना खुली करावीत असे त्याच कायदेमंडळाने ठरविले होते, आणि दोन्ही ठिकाणी तो ठराव कागदावर पडून होता.

त्या दिवशी त्यांनी सभागृहापुढे मांडलेले आकडे थोडे उलगडून पाहण्याजोगे आहेत. पहिला आकडा वेगाचा. हिंदुस्थान सरकारच्या शिक्षणविषयक अहवालाचा हवाला देऊन त्यांनी सांगितले की, प्रगती याच चालीने राहिली तर शाळेच्या वयाचे सारे मुलगे शाळेत यायला चाळीस वर्षे आणि साऱ्या मुली यायला तीनशे वर्षे लागतील. दुसरा आकडा पैशाचा. इलाख्यात शिक्षणावर माणशी खर्च चौदा आणे, म्हणजे रुपयाहून कमी. आणि त्याच माणसाकडून अबकारी कराच्या रूपाने, म्हणजे दारू-ताडीवर, सरकार वसूल करते ते दोन रुपयांहून अधिक. लोकांकडून व्यसनापोटी जेवढे घेता तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची साधी मागणी होती. ज्या ठाणे जिल्ह्यात ताडी आणि मोहाची दारू हा अबकारीचा जुना आधार, तेथील वाचकाला या मागणीचे मर्म वेगळे समजावून सांगण्याचे कारण नाही.

तिसरा आकडा आमच्या मते सर्वांत महत्त्वाचा. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथीपर्यंत पोहोचतात अवघी अठरा. उरलेली ब्याऐंशी मध्येच गळतात आणि शिकलेली अक्षरेही विसरून जातात. त्या काळी सरकारी अहवाल मुख्यतः पटाची संख्या सांगत. शाळा किती वाढल्या, पटावर मुले किती चढली, हे वाचून सभागृह समाधान मानी. बाबासाहेबांनी पटाकडे न पाहता चौथीच्या वर्गातील रिकाम्या जागांकडे बोट दाखविले. पहिलीवर झालेला खर्च चौथीपर्यंत टिकत नसेल तर तो खर्च बुडीतच म्हटला पाहिजे, असा हिशेब अर्थशास्त्र्याने करावा हे स्वाभाविक होते. पण त्यांचा रोख बचतीकडे नव्हता. मूल साक्षर होऊन कायम साक्षर राहील इतकी वर्षे त्याला शाळेत टिकविण्यासाठी अधिक खर्च करा, असे त्यांचे म्हणणे होते. कॉलेजांच्या खर्चापैकी ३६ टक्के, हायस्कुलांच्या ३१ टक्के आणि मिडल शाळांच्या २६ टक्के फीतून उभे राहतात, हेही त्यांनी त्याच भाषणात दाखविले आणि शिक्षणाचा असा बाजार मांडण्यास विरोध केला.

(जाता जाता एक स्थानिक नोंद. त्याच वर्षी मे महिन्यात बदलापूरला झालेल्या शिवजयंती उत्सवाचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले होते. कल्याणच्या पलीकडच्या त्या गावाने महाडनंतर दीड महिन्याने त्यांना बोलावले, हे आमच्या भागाने विसरू नये.)

पुढल्या वर्षी सायमन कमिशन आले. बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने बाबासाहेबांनी २९ मे १९२८ रोजी कमिशनला दोन निवेदने सादर केली. त्यांतील एक मुंबई इलाख्यातील अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी होते. आजही कोणा पालकाने किंवा शिक्षकाने ते वाचले तर आकड्यांचा युक्तिवाद कसा करावा याचा वस्तुपाठ मिळेल. सुरुवात इतिहासाने होते. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. मुलाची बाजू न्यायाची आहे हे सरकारने मान्य केले. पण एका मुलासाठी शतकानुशतकांच्या समजुती दुखवून साऱ्या शाळेचा उपयोग घालवावा, हे त्याला पटले नाही. एकीकडे एक मूल, दुसरीकडे वर्गभर मुले, असे ते गणित होते.

त्यानंतर निवेदन १८८१-८२ सालावर येते. त्या वर्षी इलाख्याच्या प्राथमिक शाळांत अस्पृश्यांची मुले २,८६२ होती. मिडल शाळांत १७. हायस्कुलात आणि कॉलेजात एकही नाही. मग चालू काळ. सरकारने लोकसंख्येचे चार वर्ग पाडले होते : पुढारलेले हिंदू, मराठे व तत्सम मधला वर्ग, मागास वर्ग आणि मुसलमान. मागास वर्गात अस्पृश्य, डोंगरी जमाती आणि त्या काळी गुन्हेगार म्हणून शिक्का मारलेल्या जमाती अशा तिघांना एकत्र कोंबले होते. बाबासाहेबांनी प्रत्येक वर्गाची लोकसंख्येतील जागा आणि शाळेतील जागा समोरासमोर मांडली. लोकसंख्येत मधला वर्ग पहिला, मागास दुसरा, मुसलमान तिसरे आणि पुढारलेले हिंदू चौथे. प्राथमिक शाळेत मात्र दर हजारी लोकसंख्येमागे पुढारलेल्या हिंदूंची मुले ११९, मुसलमानांची ९२, मधल्या वर्गाची ३८ आणि मागासांची १८. दुय्यम शिक्षणात दर लाखामागे तीन हजार, पाचशे, एकशेचाळीस आणि चौदा. कॉलेजात दर दोन लाखांमागे एक हजार, बावन्न, चौदा आणि शून्य.

या आकड्यांची रचना लक्षपूर्वक पाहावी. पहिल्या पायरीवर ११९ आणि १८ यांतील अंतर साधारण साडेसहा पट आहे. दुसऱ्या पायरीवर ते दोनशे पटींहून अधिक होते. तिसऱ्या पायरीवर भागाकारच करता येत नाही, कारण खाली शून्य आहे. म्हणजे भेद पहिलीच्या दाराशी जितका होता त्याहून कितीतरी पट तो चौथीनंतरच्या वाटेवर होता. गावात प्राथमिक शाळा असे, कधी व्हरांड्यात तर कधी वेगळी. परंतु हायस्कूल तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी. तेथे अस्पृश्य मुलाला खोली भाड्याने मिळत नसे आणि खानावळीत पान वाढले जात नसे. फी माफ झाली तरी रात्री झोपायचे कोठे, हा प्रश्न उरेच. चौदा हा आकडा बुद्धीचा नव्हता, छपराचा होता.

वसतिगृहांची कल्पना येथून आली, असे आम्ही समजतो. तिचा पहिला प्रयोग निवेदनाच्या आधीच झाला होता. २० जुलै १९२४ रोजी स्थापन झालेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. मुलांचे जेवण, कपडे आणि वह्या-पुस्तके यांचा भार सभेने उचलला आणि सोलापूर नगरपालिकेने महिना ४० रुपयांची मदत दिली. १४ जून १९२८ रोजी, म्हणजे निवेदनावर सही झाल्यानंतर पंधरवडा उलटला तोच, बाबासाहेबांनी दलितवर्ग शिक्षण संस्था स्थापन केली. त्या संस्थेने पाच ठिकाणी वसतिगृहे चालविली : पनवेल, ठाणे, नाशिक, पुणे आणि धारवाड. सरकारने वर्षाला ९,००० रुपयांचे साहाय्य मंजूर केले. पाच घरांत वाटले तर एका घराच्या वाट्याला वर्षाला १,८०० रुपये, महिन्याला दीडशे. ते पुरेना, तेव्हा बाबासाहेबांनी मदतीसाठी समाजापुढे हात पसरला. काही मुसलमान व पारशी दात्यांनी तो भरला.

या यादीत दोन नावे आम्हांला थांबवितात. एक धारवाड. ज्या गावी १८५६ साली एका मुलाला शाळेच्या दारातून परत पाठविले, त्याच गावी बहात्तर-त्र्याहत्तर वर्षांनी हायस्कुलात जाणाऱ्या अस्पृश्य मुलांना राहायला घर मिळाले. बाबासाहेबांनी हे मुद्दाम घडविले की योगायोग होता, याची चर्चा अभ्यासकांनी करावी. दुसरे नाव ठाणे. १८५४ पासून कल्याणला रेल्वे होती, ठाण्याला त्याच्याही आधी एक वर्ष. जिल्ह्याचे हायस्कूल ठाण्यात. पण मुरबाड, शहापूर, भिवंडी, वाडा या भागांतल्या मुलाला रेल्वे असून काय उपयोग, जर संध्याकाळी परतायला गाव पंचवीस मैलांवर असेल! त्या मुलाला ठाण्यात एक चटई आणि दोन वेळचे जेवण मिळाले, तेव्हा त्याच्यापुरती दर लाखी चौदाची ओळ हलली. आमची वसतिशाळा ज्या परंपरेत बसते तिचे मूळ आम्ही येथे शोधतो.

निवेदनाचा आणखी एक भाग स्थानिक कारभाराला लागू आहे, आणि तो थोडा अडचणीचा आहे. १९२३ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने प्राथमिक शाळा सरकारी खात्याकडून काढून लोकल बोर्डांच्या व नगरपालिकांच्या स्कूल बोर्डांकडे दिल्या. लोकशाहीचा विस्तार म्हणून त्याचे कौतुक झाले. बाबासाहेबांनी विरोध केला. गावाचा कारभार ज्यांच्या हाती तेच बोर्डावर. अस्पृश्यांचे मूल शाळेत यावे अशी त्यांना आच नाही. मग शाळा त्यांच्या हवाली करणे म्हणजे त्या मुलाला वाऱ्यावर सोडणे, असा त्यांचा युक्तिवाद होता. अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी अंदाजपत्रकात निश्चित रक्कम वेगळी काढून ठेवावी, असा त्यांचा आग्रह होता. शाळेचा कारभार स्थानिक असणे आणि तो न्याय्य असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यांनी इतक्या लवकर सांगून ठेवले. आमच्या मते ते आजही पुरते ऐकले गेलेले नाही.

कागदावरचे आकडे पुरेसे नसतात, ते गावात जाऊन पाहावे लागतात, हेही त्यांनी अंगावर घेऊन दाखविले. नोव्हेंबर १९२८ मध्ये सरकारने अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीच्या चौकशीसाठी ओ. एच. बी. स्टार्ट यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्यात डॉ. सोळंकी, ठक्कर बाप्पा यांच्यासह बाबासाहेबही सभासद होते. समितीने कामाची वाटणी केली आणि खानदेश बाबासाहेबांकडे आला. ऑक्टोबर १९२९ मध्ये तेथील काम आटोपून मुंबईकडे येताना सामाजिक बहिष्काराची एक तक्रार पाहण्यासाठी ते चाळीसगावला उतरले. त्या गावाहून परतल्यावर स्टेशनावरून महारवाड्यात न्यावयास एकही टांगेवाला तयार होईना. अखेर तडजोड अशी झाली की टांगा भाड्याने मिळेल, हाकायला मात्र टांगेवाला येणार नाही. वस्तीतल्या एका माणसाने, ज्याने आयुष्यात टांगा हाकला नव्हता, लगाम हाती घेतले. नदीवरच्या पुलावर चाक दगडांच्या फटीत अडकले, बाबासाहेब फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली नदीत कोसळले. पायाचे हाड मोडले. तेथून मुंबईला येणारी रेल्वे कसारा घाट उतरून आमच्या कल्याणवरूनच जाते. समितीचा अहवाल मार्च १९३० मध्ये निघाला. अशा एखाद्या अहवालातील एका आकड्याला काय किंमत पडली असेल, हे आकडा वाचताना कळत नाही.

पुढची दहा-बारा वर्षे गोलमेज परिषदा, पुणे करार, येवला, स्वतंत्र मजूर पक्ष यांत गेली. ती येथे ओलांडून आम्ही १९४२ वर येतो. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सभासद झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे टिपण दिले. त्यातला हिशेब परिचित धाटणीचा होता. बनारस आणि अलिगढ या विद्यापीठांना हिंदुस्थान सरकार दरवर्षी प्रत्येकी तीन लाख रुपये देते. मग अनुसूचित जातींच्या उच्च शिक्षणासाठी तेवढी रक्कम का नको? १९४४-४५ पासून वर्षाला तीन लाखांच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. आज ज्याला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती म्हणतात तिचे हे उगमस्थान. आमच्या माजी विद्यार्थ्यांपैकी जे अभियंते, परिचारिका, प्राध्यापक झाले, त्यांच्यातील बहुतेकांची नावे त्या शिष्यवृत्तीच्या याद्यांत सापडतील.

१९२८ च्या तक्त्यातील शून्याला त्यांनी दिलेले उत्तर १९४६ साली आले. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि पुढच्या वर्षी २० जून रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले, हे त्याचे वैशिष्ट्य. ठाणे-कल्याणकडून पहाटेच्या गाडीने येणाऱ्या कारकुनाला ती वेळ साधत असे. १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय निघाले, तेच पुढे मिलिंद. दोन्ही नावे बौद्ध परंपरेतली, दीक्षेच्या कितीतरी आधीची.

संविधान सभेतील एक प्रसंग या धाग्यात ओवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नोव्हेंबर १९४८ मध्ये मोफत व सक्तीच्या शिक्षणाचे कलम चर्चेला आले. ते केवळ प्राथमिक शिक्षणापुरते ठेवावे, अशी एक सूचना होती. बाबासाहेबांनी ती मानली नाही. चौदा वर्षांखालील मुलाला कारखान्यात किंवा खाणीत कामाला लावू नये असे दुसरे कलम सांगते. मग त्या वयापर्यंत मूल कामावर नाही तर शाळेतच असले पाहिजे, असा त्यांचा तर्क. मुलाने किती इयत्ता शिकाव्यात हे न सांगता कोणत्या वयापर्यंत शाळेत राहावे हे त्यांनी सांगितले. शंभरातील ब्याऐंशी मुले कोठे हरवली हे ज्याने एकवीस वर्षांपूर्वी मोजले होते, त्याच माणसाचा हा तर्क होता, असे आम्हांला दिसते.

दहा वर्षांत हे साधावे असे संविधानाने म्हटले. हक्काचा कायदा व्हायला २००९ उजाडले आणि तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्या कायद्याचे नववे कलम स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे ठाणे महानगरपालिकेवर, कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेवर, जिल्हा परिषदेवर, आपल्या हद्दीतील चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवण्याचे बंधन घालते. शाळेत आलेल्या मुलांची हजेरी तर शाळा घेतेच. हे कलम हद्दीत राहणाऱ्या प्रत्येक मुलाबद्दल बोलते. कल्याण-भिवंडी परिसरातील वीटभट्ट्यांवर दिवाळीनंतर येणारी आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतणारी कातकरी मुले, डोंबिवलीच्या बांधकामांवर आईबापांबरोबर राहणारी मुले, यांची नोंद गावच्या शाळेत असते आणि ती स्वतः येथे असतात. त्यांच्यासाठी शिक्षण हमी कार्डाची सोय आहे. ते कार्ड मुलाबरोबर निघते की नाही, हे कुणीतरी पाहावे लागते. कायद्याचे एकविसावे कलम सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक हवेत आणि निम्म्या स्त्रिया हव्यात असे सांगते. १९२३ च्या स्कूल बोर्डांवर बाबासाहेबांनी घेतलेला आक्षेप ज्यांना आठवतो, त्यांना या कलमाचे मोल कळेल. त्या समितीत आमच्या वस्त्यांतील आया बसतात. त्यांच्यापुढे शाळेचा यू-डायस तक्ता ठेवला जातो तेव्हा पट किती हे त्यांना सांगितले जाते. सातवी-आठवीला संपणाऱ्या शाळेतून गेल्या वर्षी बाहेर पडलेली मुले या वर्षी कोणत्या शाळेच्या पटावर आहेत, हा प्रश्न मात्र त्यांना विचारावा लागतो. तो विचारणाऱ्या काही माता आमच्या माजी विद्यार्थिनी आहेत, याचा आम्हांला अभिमान वाटतो.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर जे घडले तेही आकड्यांतच वाचावे लागते. १९५१ च्या जनगणनेत आजच्या महाराष्ट्राच्या भूभागावर बौद्ध म्हणून नोंदले गेलेले लोक तीन हजारांच्याही आत होते. १९६१ मध्ये ते सुमारे २८ लाख झाले. प्रगणकापुढे उभे राहून धर्माच्या रकान्यात बौद्ध असे सांगण्यास त्या दिवसांत धैर्य लागत होते, कारण अनुसूचित जातींच्या यादीतून नाव जाऊन मुलाची शिष्यवृत्ती थांबण्याची भीती खरी होती. राज्य स्थापन झाल्यावर महाराष्ट्राने आपल्या सवलती बौद्धांना दिल्या. केंद्राच्या सवलतींसाठी १९९० च्या दुरुस्तीपर्यंत थांबावे लागले. मधल्या तीस-बत्तीस वर्षांत कित्येक घरांत आजोबांच्या दाखल्यावर एक शब्द आणि नातवाच्या दाखल्यावर दुसरा, असे झाले.

आजच्या यू-डायस नोंदीत मुलाचा सामाजिक प्रवर्ग एका रकान्यात जातो आणि अल्पसंख्याक धर्म दुसऱ्या. आमच्या मुलाची नोंद दोन्ही ठिकाणी व्हायला हवी : एकीकडे अनुसूचित जाती, दुसरीकडे बौद्ध. जून महिन्यात प्रवेशाचे अर्ज भरताना पालक बहुधा यांतील एकच रकाना भरतात आणि दुसरा तसाच सोडतात. आमच्या कार्यालयातील लेखनिक तो अर्ज परत देतात आणि दोन्ही रकाने भरून घेतात.